प्रमिलाताईंना लावलेलं कुंकू

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. आईला सांगावं म्हणून एकदा नागपूरला गेले, दोन दिवस राहिले, तिच्या हातचं जेवून तशीच परत आले. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि जे ओळखतात ते सगळे माझं कौतुक करतात.

कौतुक कशाचं, ते आधी सांगते. रायपूरला आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, विदर्भातून आलेली मराठी घरं बरीच, बहुतेक रेल्वेतली. संक्रांतीला माझ्याकडे मोठं हळदीकुंकू व्हायचं. मी विम्याची एजंट. वाण म्हणून स्टीलचे डबे द्यायचे आणि डब्याबरोबर ओळखी वाढवायचे. एका वर्षी मी प्रमिलाताईंना बोलावलं. त्या विधवा, मूलबाळ नाही, दिराच्या घरी मागच्या खोलीत राहायच्या. नवरा गेल्यापासून त्यांना हळदीकुंकवाचं बोलावणं कुणी केलं नव्हतं. मी सगळ्यांदेखत त्यांच्या कपाळाला कुंकू लावलं. दोघीतिघींनी डोळे पुसले. ताईंनी वाणाचा डबा दोन्ही हातांनी छातीशी धरला.

तेव्हापासून मी सुधारक. इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात अजून माझं नाव घेतात.

पण मी त्यांना का बोलावलं होतं? — हे कुणी विचारलं नाही.

रायपूरच्या बाहेर राज्याची नवी राजधानी नुकतीच आकाराला येत होती. त्या बाजूला ताईंच्या नवऱ्यानं कधीकाळी मातीमोल भावात एक प्लॉट घेऊन ठेवला होता. लोक त्याला हसायचे. राजधानी आली आणि तो प्लॉट विकला गेला. एवढी मोठी रक्कम ताईंनी जन्मात पाहिली नव्हती. पाऱ्यात अशी बातमी लपते थोडीच! माझ्या कानावर आली ती संक्रांतीच्या आठवडाभर आधी.

आता थोडं रुक्ष बोलते. त्याशिवाय मी काय केलं ते कळायचं नाही. ताईंना त्या पैशातून स्वतःचं छोटं घर घ्यायचं होतं. दिराच्या घरी त्यांना कुणी मारत नव्हतं, उपाशी ठेवत नव्हतं. पण चहा प्यावासा वाटला तर विचारावं लागायचं. त्यांना स्वतःचा ओटा हवा होता, एवढंच. आणि त्यासाठी सरळ रस्ता होता. बँकेत त्यासाठीच एक खास खातं असतं — प्लॉटचे पैसे तिथे ठेवायचे, मुदतीत घर घ्यायचं, नफ्यावरचा टॅक्स माफ. हे मला तोंडपाठ होतं. पण त्यात एजंटला काय मिळतं? काही नाही.

माझ्याकडे पेन्शनची एक पॉलिसी होती. रक्कम एकदाच भरायची, ती आत वाढत राहते, वर्षाला टॅक्स नाही. दहा वर्षांनी पेन्शन सुरू होईल तेव्हा काय तो भरायचा. योजना वाईट नव्हती. ज्याला पैसा लागणार नाही, त्याच्यासाठी चांगलीच होती. ताईंना लागणार होता. हळदीकुंकवानंतर चारच दिवसांनी मी कागद घेऊन गेले. त्यांनी चष्मासुद्धा लावला नाही. फक्त एक विचारलं.

"मले दोन वर्षांत खोली घ्याची आहे. पैसा निघन ना?"

"हव ताई, निघन."

बस. एवढंच बोलले मी. त्यांनी सह्या केल्या. नॉमिनी म्हणून दिराचं नाव लिहिलं — दुसरं होतं कोण? प्लॉटच्या नफ्यावरचा टॅक्स आधी गेला तो गेलाच, आणि उरलेलं सगळं अडकलं. माझ्या कमिशनमधून मी सदर बाजारात पाटल्या केल्या. पुढच्या संक्रांतीला ताईंनीच माझा हात धरून म्हटलं होतं, शोभून राहिल्या व तुले.

दोन वर्षांनी त्यांनी घर शोधलं. तळमजल्याचं, मागे तुळशीपुरती जागा. मला दाखवायला घेऊन गेल्या, ओट्यावरून हात फिरवत होत्या. मी काय सांगितलं असेल? — सरकारनं नियम बदलला म्हणून सांगितलं. आता पैसा निघत नाही म्हटलं. खरं म्हणजे पॉलिसी तोडता आली असती. कापून का होईना, बरेचसे पैसे हाती आले असते. पण मग कंपनीनं त्यांना सगळं समजावून सांगितलं असतं, आणि नियम पहिल्यापासून हाच होता हे त्यांना कळलं असतं. तिथे त्या रिकाम्या स्वयंपाकघरात मला रडू आलं. लाजेनं आलं की भीतीनं, अजून ठरवता येत नाही. ताईंनी पदरानं माझे डोळे पुसले.

"तू काहून रडून राहिली? सरकारपुढं कोणाचं चालते?"

त्यानंतर त्यांनी घराचं नाव काढलं नाही. दर संक्रांतीला मात्र यायच्या, ठेवणीतली तीच मोरपंखी साडी नेसून. पहिल्याच बोलावण्याला आल्यासारख्या दारात जरा थांबायच्या. मी कुंकू लावायचे. दर वर्षी लावलं.

पेन्शन सुरू व्हायच्या आधीच त्या गेल्या. त्याच मागच्या खोलीत, साध्या तापानं. पैसे दिराला मिळाले. कागद घेऊन मीच गेले होते, एजंट मीच होते ना. काही महिन्यांनी परत एका कामाला गेले तर मागची खोली पाडून तिथे गाडी ठेवायला जागा केलेली. ओसरीत नवी फरशी. दिरांनी अगत्यानं बसवलं. म्हणाले, वहिनीचे पैसे तुमच्यामुळे सांभाळले गेले, नाहीतर कुठे उधळून बसली असती.

चहा आला. मी तो प्याले.

यंदा संक्रांतीला माझ्याकडे पाऱ्यातल्या सगळ्या विधवा आल्या होत्या. आता त्यांना कुणी वेगळं बसवत नाही. मी पाटल्या घातल्या होत्या. एकेकीला कुंकू लावत गेले, आणि प्रत्येकीनं माझ्यासमोर डोळे मिटून कपाळ पुढे केलं.