कारण फक्त मतभेदाला

आमच्या मामाला विद्यापीठात सगळे 'परंतु' म्हणायचे. कुणी काही बोलायचा अवकाश, हा परंतु लावून मोकळा. कायद्याचा प्राध्यापक. उभी हयात एकाच प्रश्नामागे घालवली: माणसाबद्दलचा निर्णय यंत्राने घेतला, तर त्या यंत्राला विचारणारं कोण? लोक हसायचे, तेव्हापासून तो यावर लिहीत होता. लग्नबिग्न राहूनच गेलं. पुढे सरकारने अशा यंत्रांसाठी कायदा करायला घेतला आणि समितीवर त्याला बोलावलं, तेव्हा स्वारी आठवडाभर हवेत होती.

त्याचं कलम मंजूर झालं. यंत्राच्या निर्णयाला अधिकाऱ्याची संमती हवीच, आणि अधिकाऱ्याला तो बदलायचा असेल तर त्याने लेखी कारण द्यावं. उगाच मनमानी नको, म्हणून. माझी आई, म्हणजे त्याची थोरली बहीण, तेव्हा अख्ख्या इमारतीला सांगत सुटली होती.

मग आईला पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली. तिला उठवायला, अंघोळ घालायला सरकारी मदतनीस बाई रोज यायची. या वर्षी यंत्राने ठरवलं, हिला बाईची गरज नाही. मी कामावर गेले की आई दिवसभर अंथरुणात. मामा म्हणाला, "चला, मी येतो. अधिकारी माणूसच आहे ना शेवटी!"

माणूस होता, आणि बराही होता. चाकांच्या खुर्चीतल्या आईकडे बघून म्हणाला, "दिसतंय हो मला. पण यंत्राचं मान्य केलं तर एक बटण दाबायचं. बदलायचं म्हटलं की कारण लिहा, वरच्यांना उत्तरं देत बसा. आमच्याकडे कुणी त्या भानगडीत पडत नाही."

"मी सांगतो, तुम्ही लिहा," मामा म्हणाला.

"नातेवाइकांनी सांगितलेलं चालत नाही, साहेब. त्याच कलमात आहे."

मामाच्या तोंडून परंतु निघाला नाही. अधिकाऱ्याने बटण दाबलं. मला मामाचा असा संताप आला, की परतताना मी त्याला आईच्या खुर्चीला हातही लावू दिला नाही. आईनेच विचारलं, "तुझंच ना रे ते कलम?"

"हो, ताई."

मान्य करतानाही कारण लिहायला लावा, अशी दुरुस्ती त्याने समितीकडे पाठवली आहे. अजून उत्तर नाही. रोज सकाळी तो आमच्याकडे येतो, आईला उठवून बसवतो, तिचे केस विंचरतो. विंचरतो कसला, ओढतो.

"चुकलो, ताई," तो म्हणतो.

"पुरे रे, केसांचं काय एवढं," आई म्हणते, आणि मान त्याच्यापुढे तशीच धरून ठेवते.