बटण मुंबईत, पेटी उधव्यात

नोकरी लागल्यापासून मी फुगे उडवत होते, आणि त्यातला एकही फुगा मी डोळ्यांनी पाहिलेला नव्हता.

साठच्या दशकातली गोष्ट आहे ही. मुंबईतल्या एका प्रयोगशाळेत मी नवी नवी लागले होते. आमचा गट विश्वकिरणांवर काम करायचा. अवकाशातून येणारे हे कण हवेच्या जाड थरात बरेचसे अडतात, म्हणून त्यांना गाठायचं तर यंत्रं ढगांच्याही खूप वर न्यावी लागतात. ती नेण्यासाठी प्लास्टिकचा भलामोठा फुगा. फुगा सुटायचा डहाणूच्या किनाऱ्यावरून. त्याच्याखाली लटकलेली पेटी मात्र आम्ही चालवायचो मुंबईतून, गच्चीवरच्या एका खोलीत बसून. एक बटण दाबलं की वर शिशाची झडप सरकायची. दुसरं दाबलं की फोटोची नवी काच पुढे यायची. आणि शेवटचं लाल बटण दाबलं की फुग्याची दोरी तुटून पेटी हवाई छत्रीने खाली यायची. पेटीने आपलं ऐकलं की नाही, हे कागदावर सरकणाऱ्या पेनाने उडी मारली की कळायचं. बाकी समोर भिंत आणि भिंतीवर नकाशा.

"सर, मला एकदा डहाणूला जायचंय," मी एके दिवशी म्हटलं.

"काय आहे तिथे? वाळू आणि बोंबील."

"तेच बघते."

सर हसले, मग गंभीर झाले. जीपमध्ये दिवस दिवस बसावं लागतं, रस्ते वाईट आहेत, बायकांची राहायची सोय नाही, वगैरे सगळं सांगून झालं. मी ऐकून घेतलं आणि "मग कधी निघू?" असं विचारलं. घरी आईने लाडू बांधून दिले आणि बाबांनी टॉर्च. एवढ्या तयारीत माणूस हिमालयात जाऊन येईल.

आता डहाणूला लोकल जाते, तुम्ही सकाळी निघून नाश्त्याला पोचाल. तेव्हा पॅसेंजर गाडी होती. विरारनंतर गाडीचा वेग आणि लोकांचे आवाज, दोन्ही बदलत गेले. पालघरला डब्यात भाजीच्या टोपल्या चढल्या, बोईसरला एक बोकड. खिडकीतून कोळशाचे कण यायचे, त्यामुळे डहाणू रोडला उतरले तेव्हा माझी पांढरी साडी राखाडी झाली होती. स्टेशनबाहेर टांगे उभे. टांगेवाला घोड्याशी गुजरातीत, माझ्याशी मराठीत आणि हवालदाराशी हिंदीत बोलत होता, आणि तिन्ही भाषांत तक्रार एकच होती, की रस्ता खराब आहे.

राहायची सोय निघाली घोलवडला, एका इराणी बागायतदाराच्या बंगल्यात. चिकूची झाडं थेट ओसरीपर्यंत आलेली. मालकीणबाई पुदिन्याचा चहा द्यायच्या आणि त्यासोबत इतके चिकू, की जेवणाची गरजच उरू नये. तिथे जाणार असाल तर एक सांगते: झाडावरून काढलेला चिकू लगेच खायला जाऊ नका, तोंडाला चीक लागेल. बागेतल्या बायकांकडून पिकवलेले मागून घ्या. संध्याकाळी स्टेशनवर चिकूच्या करंड्या चढवताना बघा. फलाटभर गोड वास सुटलेला असतो.

दुसऱ्या दिवशी पहाटे डहाणूच्या किनाऱ्यावर गेलो. 'गेलो' म्हणजे मी आणि पिंटो. पिंटो आमचा वायरलेसवाला, जीपही तोच चालवायचा, आणि गाणी म्हणायची त्याला फार हौस. फुगा सोडणारी माणसं त्यात हायड्रोजन भरायच्या कामाला आधीच लागली होती. वाळूवर बोंबील सुकवायचे बांबूचे मांडव एका बाजूला सरकवलेले होते. ते सरकवू देणाऱ्या जानकीमावशी कमरेवर हात ठेवून सगळ्यांवर लक्ष ठेवून होत्या. काष्टा घट्ट, आवाज खणखणीत.

"विडी इझव रे! तो गॅस पेटला तर तुज्यासंगं माजे बोंबीलबी भाजतील!" त्या आपल्याच दिरावर ओरडल्या. मग माझ्याकडे वळल्या. "तू काय गं पोरी, यांचं जेवन बनवायला आलीस?"

"नाही मावशी. वरची पेटी चालवते मी. मुंबईतून."

"मुंबैतून?" त्यांनी फुग्याकडे बघितलं, दक्षिणेकडे बघितलं आणि मला नखशिखांत न्याहाळलं. "माजा नवरा हाकेवर असतो, तरी ऐकत नाय. तुजी पेटी बरी ऐकते."

उजाडता उजाडता फुगा सुटला. वाळूवर लोळणारा प्लास्टिकचा ढीग एकदम उभा राहिला, ताडाच्या झाडांहून उंच झाला, आणि पेटीला हळूच उचलून निघाला. इतके दिवस मी ज्याच्यासाठी बटणं दाबत होते, तो हा! पण पहाटेचा वारा जमिनीकडून वाहत होता, त्यामुळे स्वारी सरळ समुद्राकडे चालली.

"गेला तुमचा फुगा समिंदरात," जानकीमावशी म्हणाल्या. "होडी काढू काय?"

"थांबा मावशी, येतोय परत," पिंटोने सांगितलं.

आणि खरंच, वरच्या वाऱ्यात शिरल्यावर तो वळला. मोत्याएवढा चकचकीत ठिपका होऊन आमच्या डोक्यावरून डोंगरांकडे सरकू लागला. मावशींनी पदराने डोळ्यांवर सावली धरून तो दिसेनासा होईपर्यंत पाहिला. मग "चला, आता मांडव लावा जागच्या जागी," म्हणून मंडळींना कामाला जुंपलं.

पेटी उतरेल तिथून ती उचलायला आम्ही जीप हाणली तलासरीकडे. घोलवड, बोर्डी, आणि मग समुद्राकडे पाठ करून आत. हा रस्ता आता चांगला आहे. तेव्हा लाल माती आणि खड्डे यांचा समान कारभार होता. एका बाजूला ताडी-माडीची झाडं, दुसरीकडे गवताच्या मोठमोठ्या गंजी. हे गवत गठ्ठे बांधून मुंबईच्या तबेल्यांना जायचं. वाटेत पिंटोने नीरा पाजली. उन्हं चढायच्या आत मिळाली तर जरूर प्या, थंडगार आणि स्वच्छ गोड असते. उन्हानंतर तिचं वेगळंच काहीतरी होतं, ते पिण्याचा सल्ला मी देणार नाही.

तलासरीत पोचलो तर आठवड्याचा बाजार भरलेला.

आमची ठरलेली जागा गावाबाहेरच्या माळाजवळ होती. मुंबईच्या भिंतीवरच्या नकाशात हा माळ मी शेकडो वेळा पाहिला होता. तिथे कोरा कागद होता, ना झाड, ना घर. प्रत्यक्षात त्या माळावर पाय ठेवायला जागा नव्हती. मातीची मडकी, मीठ, गूळ, सुकट, काचेच्या बांगड्या, कोंबड्या. डोंगरातल्या पाड्यांवरून आलेली माणसं, काखेत मुलं, डोक्यावर लाकडाच्या मोळ्या. एक आजी नातीला बांगड्या भरवत होती आणि नात दर बांगडीला किंचाळत होती.

पिंटोने चिंचेवर तार चढवून वायरलेस लावला. खरखरीतून सरांचा आवाज आला.

"सुधा, छान जमलंय. सगळ्या काचा झाल्या. आता तोडतो. गणिताप्रमाणे पेटी तुमच्या माळावर उतरेल. गाडी रस्त्यालाच ठेवा."

मी माळाकडे बघितलं. "सर, तोडू नका. इथे बाजार आहे."

"काय आहे?"

"बाजार! माणसं आहेत, सर!"

"किती?"

"मोजता येणार नाहीत."

मग सर म्हणाले, "सुधा, बॅटरी उतरते आहे. वर भयंकर थंडी आहे. आता थांबलो आणि ती मेली, तर पेटी आपलं ऐकणारच नाही. फुगा कुठे जाईल सांगता येत नाही. वर्षभराचं काम आहे."

त्यातलं निम्मं काम माझं होतं. त्या काचांवर माझं पुढचं सगळं अवलंबून होतं, प्रबंधसुद्धा. हवाई छत्री पेटीला सावकाश आणते खरी, पण शिसं भरलेली ती पेटी दोन माणसांनाही उचलायला जड जायची. मी पिंटोकडे पाहिलं. त्याची गाणी बंद झाली होती.

"थांबा सर. फुगा पुढे सरकू द्या. इथे नको."

नुसती खरखर. एवढी लांबलचक खरखर मी पुन्हा आयुष्यात ऐकली नाही.

"ठीक आहे. तिथे तू आहेस. थांबतो," सर म्हणाले.

मग आम्ही वाट पाहिली. बाजार आपल्या नादात होता. डोक्यावर काय लटकतंय याची कुणाला गंधवार्ता नव्हती. आजीने बांगड्या भरवून संपवल्या. कुणीतरी मला मीठ घेणार का विचारलं, आणि मी काही न सुचून घेतलंही. आकाशातला ठिपका मुंगीच्या पावलांनी पूर्वेकडे चालला होता. अखेर मी वायरलेसवर सांगितलं, "आता दाबून पाहा."

"दाबलं," सरांचा आवाज. "पेन हललं नाही."

"पुन्हा दाबलं. नाही."

पिंटोने छातीवर क्रूस काढला.

"पुन्हा... हललं! सुधा, हललं! तुटली दोरी!"

मी पिंटोला मिठी मारायची बाकी होते. समोर मडकीवाली बसली होती, तिलाच म्हटलं, "तुटली!" ती दचकून आपली मडकी तपासू लागली.

पेटी पूर्वेला, उधवा गावाच्या बाजूला उतरताना दिसली. तिकडचा रस्ता गुजरातच्या हद्दीला खेटून जातो. पुढे गाडीवाट, आणि मग तीही संपली. जीप सोडून भाताच्या खाचरांच्या बांधांवरून चालत निघालो. कापणी होऊन गेलेली, नुसते खुंट पायाला टोचत होते. दूरवर पाच-सात घरांचा पाडा, कुडाच्या भिंती, आणि दोन घरांच्या मधल्या खाचरात आमची पेटी. अगदी मधोमध. घरापासून चार ढेंगांवर.

छत्रीचं लाल-पांढरं कापड नीट गोळा करून त्यावर दगड ठेवलेले. भोवती माणसं बसलेली, गुरं लांब हाकललेली. पेटीवर मराठी-गुजरातीत 'हात लावू नये' असं लिहिलेलं असायचं. ते वाचणारं तिथे कुणी नव्हतं, पण हात कुणी लावला नव्हता. एक वयस्क बाई उठून पुढे आली. नाव सोनीबाय.

"तुमची हाय ही?"

"हो. कुणाला लागलं नाही ना?"

"नाय. सावकाश आली. पोरां भ्याली, कोंबडी पळाली. कंची मोटार हाय ही?"

मी सांगितलं, जमेल तसं. आभाळातून बारीक कण येतात, ते पकडायची पेटी आहे. मुंबईत बसून बटण दाबलं की ती खाली येते.

तिने शांतपणे ऐकलं. "मुंबैहून आमी दिसतो तुमाला?"

"नाही."

"मंग आमी हितं हाव, ह्ये कसं कळलं तुमाला?"

बाजार माझ्या डोळ्यांसमोर होता, म्हणून मी बाजार वाचवला. या पाड्याची मला कल्पनाही नव्हती. नकाशात इथेही कोराच कागद होता.

"कळलं नव्हतं," मी म्हटलं.

सोनीबायने मान हलवली. रागावली नाही, हसलीही नाही. "आता कळला ना? बस. पाणी पी."

तिने तांब्याभर पाणी दिलं, नाचणीची भाकरी आणि लसणीची चटणी दिली. मी मघाचं मीठ तिला देऊन टाकलं. चार जणांनी पेटी बांबूला बांधून जीपपर्यंत आणून दिली, आणि वाटभर पिंटोने त्यांना गाणी ऐकवली. त्यांनीही एक ऐकवलं. ते त्याच्यापेक्षा खूपच चांगलं होतं, हे पिंटोने स्वतः कबूल केलं.

मुंबईला परतले ती उन्हाने काळी होऊन आणि करंडीभर चिकू घेऊन. काचा धुतल्या, तर काही धुरकटलेल्या, पण पुष्कळशा चांगल्या निघाल्या. प्रबंधही पुढे झाला. सरांनी भिंतीवरचा नकाशा काढून माझ्या टेबलावर ठेवला आणि पेन्सिल पुढे केली. मी तलासरीचा बाजार काढला, उधव्याचा पाडा काढला. पुढे जो कुणी तिकडे जाई, तो परत आल्यावर त्यात भर घाली. कोरा कागद हळूहळू भरत गेला.

त्या फेरीनंतरच्या पहिल्याच उड्डाणाला लाल बटणापाशी मी होते आणि माळावर पिंटो. बाजाराचा दिवस नव्हता.

"सगळं मोकळं," तो वायरलेसवर म्हणाला.

"मोकळं म्हणजे काय? काय दिसतंय ते सांग."

"एक बैलगाडी, ती चालली लांब. आणि एक बाई आहे, डोक्यावर गवताचा भारा. खिंडीकडे चालली आहे."

पेटी खाली यायला बराच वेळ लागतो. तोवर ती बाई कुठल्या कुठे पोचली असती. हे गणित मला पाठ होतं. शेजारी बसलेल्या सरांनाही. मी बटणावरचं बोट उचललं.

कागद सरकत राहिला. मग पिंटो म्हणाला, "वळणाआड गेली. तिला पत्तासुद्धा नाही की मुंबईत कुणी तिच्यासाठी थांबलंय."

"नसू दे," मी म्हटलं, आणि बटण दाबलं.