आप्पांचं चोख रगत

"तपासूचाच आसात तर जावयाक तपासा," आप्पा म्हणाले. "आमचा रगत चोख आसा. देवगडाच्या भायर आमची सोयरीक नाय."

मी मुलुंडच्या एका हॉस्पिटलात जेनेटिक काउन्सेलर आहे. आईवडिलांकडून मुलांकडे जाणारे आजार समजावून सांगायचे, हे माझं काम. आप्पा कांजूरमार्गचे. गिरणी बंद पडल्यावर रिक्षा चालवून त्यांनी मुलं शिकवली. मुलगी स्वप्नाली गरोदर होती. जावई हितेश कच्छी. लग्नाला आप्पा 'हो' म्हणाले होते, पण ते अजून त्यांच्या घशाखाली उतरलं नव्हतं.

स्वप्नालीच्या रक्तात लाल पेशी लहान दिसल्या, म्हणून डॉक्टरांनी तिला आणि हितेशला माझ्याकडे पाठवलं; सोबत आप्पा आणि तिची आईही आले. शंका थॅलेसेमिया मायनरची. मायनर माणूस धडधाकट असतो, फक्त एक जीन बिघडलेला. पण आईबाप दोघंही मायनर असले तर मूल मेजर होऊ शकतं. मग त्याला जन्मभर रक्त चढवावं लागतं.

हितेशनं निमूट बाही वर केली. स्वप्नालीनंही, आप्पांकडे न बघता.

रिपोर्ट आले. हितेश नॉर्मल. स्वप्नाली मायनर.

"एकच जण मायनर आहे. बाळाला मेजरची भीती नाही," मी आधी सांगून टाकलं. स्वप्नालीला रडू फुटलं. हितेश तिची पाठ थोपटत राहिला.

"सॅम्पल बदललां," आप्पा म्हणाले.

"मग तुमचं देता?"

"घेवा!"

आईंनीही दिलं. त्या नॉर्मल निघाल्या. आप्पा मायनर. जीनमधला तो बदलही सिंध-कच्छकडे जास्त सापडणारा.

"यावरून तुमचे पूर्वज कुठले ते ठरत नाही," मी म्हटलं. "पण हे देवगडात आभाळातून पडलेलं नाही, आप्पा."

आप्पा हळूच म्हणाले, "माझो पणजो तांडेल होतो. गलबत घेवन मांडवी, कराची करी."

"मगे थयसून काय नुसतो खजूरच हाडल्यान?" आई म्हणाल्या.

हितेश खाली मान घालून ओठ चावत होता.

"हस रे, हस. कोंडून कित्याक धरतस?" आप्पा म्हणाले. "मांडवी तुमचाच गाव मां?"

"हो आप्पा. आजोबांचं घर आहे अजून."

"मगे एकदा बघूक होया."

आप्पांच्या मुलाचं लग्न ठरत होतं, त्यांच्याच जातीत. त्यानं आणि मुलीनं तपासून घ्यावं, असं मी सांगितलं. सोयरीक मोडेल या भीतीनं आप्पांनी 'हो' म्हटलं नाही. पण पुढच्या आठवड्यात ते दोघांनाही घेऊन आले.

"मुलीचो बापूस म्हणता, आमच्यात असला काय नाय," ते मला म्हणाले. "मी म्हटलंय, मीय असाच बोलत होतंय."

दोघंही नॉर्मल निघाले. लग्न झालं. स्वप्नालीला मुलगी झाली. वर्षाची झाल्यावर तपासली, तर मायनर. "माझ्यार गेली," असं आप्पा बिल्डिंगभर सांगत फिरतात.

आमच्या कामात एक गोष्ट पक्की असते: टेस्ट कोणाची करायची, ते आडनाव बघून ठरवायचं नाही.