पुढच्या सीटवरची बंदूक

थर्मन हॅचर वाईट माणूस नाही, हे आधीच सांगून टाकते. पुढे तसं म्हणायला मला सवड मिळेल असं दिसत नाही. पस्तीस वर्षं त्यानं आमच्या गावातल्या विहिरींचे पंप दुरुस्त केले. बायकोच्या, नेडीनच्या, किडन्यांनी राम म्हटल्यावर सोमवार, बुधवार, शुक्रवार तिला ॲबिलीनला डायलिसिसला न्यायचं कामही त्यानं न कुरकुरता अंगावर घेतलं. तासभर जायला, तासभर यायला. गाडीत दोघं भांडायची, रेडिओबरोबर बेसूर गायची. नेडीन मला म्हणायची, ते चार तास सुया टोचून घेते ना, त्या या दोन तासांच्या जोरावर.

मग मार्चमध्ये हमरस्त्यावरच्या पेट्रोल पंपावर कुणीतरी कुणाची तरी गाडी पळवली. झालं! थर्मनच्या डोक्यात किडा शिरला. नेडीन गाडीत असताना कुणी आडवं आलं तर?

आता टेक्सासात बंदूक नाही असं घर दाखवा मला. याच्याकडे चार होत्या. पण गाडीत बसून चालवायची वेगळी लागते म्हणे. दुकानदार डॉइलनं आधी लांब नळीचं रिव्हॉल्वर गळ्यात मारलं, ते सीटबेल्टमध्ये अडकायचं. शॉटगन घेतली तर ती गाडीत वळेना. म्हणजे लुटारूला म्हणायचं, बाबा, जरा थांब, मी खाली उतरतो. घोट्याला बांधायचं लहान पिस्तूल आणलं, तर पोटामुळे थर्मनला घोटा दिसेना. डॉइलची चांदी झाली.

सराव जेवणाच्या टेबलाशी चालायचा. खुर्चीला जुन्या पिकअपचा सीटबेल्ट ठोकलेला, त्यात हा स्वतःला करकचून बांधून घ्यायचा. आणि लुटारू कोण, तर नेडीन. डायलिसिसहून गळून आलेली बाई हातात झारा घेऊन याला लुटायला उभी, आणि चुलीवर ग्रेव्ही करपतेय. एकदा मी तिथंच होते. म्हटलं, थर्मन, एवढ्या वेळात त्या चोरानं गाडी नेली असती, विकली असती आणि घरी जाऊन जेवलाही असता. त्यानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

शेवटी मनासारखं पिस्तूल मिळालं. प्रश्न राहिला ठेवायचं कुठं. महिनाभर मापं घेतल्यावर असं ठरलं की उजव्या हाताशी, शेजारच्या सीटवर, म्यान पक्कं बसवून. शिवाय उजवीकडे गोळी झाडायची वेळ आली तर शेजारी बसलेलं माणूस मधे येतं. हे त्यानं नेडीनला फार प्रेमानं समजावलं आणि तिला मागे बसवलं. जिच्या रक्षणासाठी एवढा खटाटोप, तिलाच उठवलं. अक्कल गहाण ठेवावी ती किती!

मागे बसून नेडीनला त्याचं बोलणं ऐकू येईना. रेडिओ त्यानं बंदच केला होता, बाहेरची चाहूल लागायला हवी ना. पाच आठवडे तिनं त्याच्या मानेकडे बघत काढले. मग एका सोमवारी ती मुकाट्यानं चर्चच्या व्हॅनमध्ये माझ्या शेजारी येऊन बसली. माझ्याही किडन्या गेल्यात, मी त्याच व्हॅननं जाते.

थर्मननं काय करावं? पिस्तूल घरी ठेवावं? छे. तो व्हॅनच्या मागून यायला लागला. एकटा. तासभर जायला, तासभर यायला. नेडीन मागं वळूनही बघायची नाही, आणि माझ्या डोक्यात तिडीक जायची.

चौथ्या आठवड्यात मी माझ्या भाच्याला फोन केला. तो शेरीफच्या कचेरीत आहे. सांगितलं, एक माणूस बंदूक घेऊन दर खेपेला आमच्या व्हॅनमागे येतो. यात खोटं काय होतं?

भाच्यानं वाटेत दोन्ही गाड्या थांबवल्या. थर्मन गाडीच्या टपावर हात ठेवून उन्हात उभा. बंदूक बाळगणं आमच्याकडे गुन्हा नाही, त्यामुळे भाचाही अवघडला. तो व्हॅनच्या खिडकीशी येऊन हळूच म्हणाला, "मावशी, हे थर्मनकाका आहेत गं." मग रीत म्हणून त्यानं नेडीनला विचारलं, "काकू, यांना तुम्ही ओळखता ना?"

नेडीननं बाहेर थर्मनकडे बघितलं.

"ओळखायचे," ती म्हणाली. "त्याच्या शेजारी बसायचे मी."

थर्मनला ते ऐकू गेलं. भाच्यानं त्याला गाडीचे कागद परत दिले, आमची व्हॅन निघाली. मला वाटलं, एकदाची खोड मोडली. मी नेडीनला कोपरानं ढोसलंसुद्धा.

तिचं लक्षच नव्हतं. थर्मनची गाडी निघालीच नव्हती. ॲबिलीन येईपर्यंत ती मान वळवून मागच्या काचेतून रस्ता बघत राहिली, आणि माझी काही तिच्याकडे बघायची हिंमत झाली नाही.