गोणीत कोंडलेला श्वास

गडबच्या आमच्या घरचे बियाणे एका पावसाळ्यात आंबून गेले, ते वहिनींच्या नव्हे, माझ्या हातून. हे मी अनेक वर्षे कोणालाही कळू दिले नाही.

आमच्या खारजमिनीत भिजवून मोड आणलेले भात थेट चिखलात फेकतात. त्याला रहू म्हणतात. भिजलेले बी गोणपाटात भरून, वर पेंढा टाकून दडपले, की ते आपसूक आतून ऊब धरते. त्या वर्षी वहिनींना अचानक खांबला माहेरी जावे लागले. थोरला भाऊ कंपनीत शिफ्टवर होता, म्हणून रहू माझ्यावर सोपवून त्या निघाल्या. दारात थांबून म्हणाल्या, "भावोजी, दडपा, पण कोंडू नका. सकाळ-संध्याकाळ उघडून पाणी शिंपडा."

मी रोह्याला जीवशास्त्र शिकवत होतो. पेशींचे श्वसन हा माझा आवडीचा विषय. ऊब अडवली तर मोड लवकर येतील, असे ठरवून मी गोणी प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळली आणि पेणच्या घरी उत्तरपत्रिका तपासत बसलो. दोन दिवसांनी परत येऊन गोणी उघडली तेव्हा आत धग होती आणि ताडीसारखा आंबूस वास.

काय झाले ते मला तत्क्षणी उमगले. बी भिजले की दाण्यातल्या पिठाची साखर होते. पेशी ऑक्सिजनच्या साहाय्याने ती साखर पायरीपायरीने मोडतात. सुटलेल्या ऊर्जेतला काही भाग कोंब वाढवण्यास लागतो, उरलेला उष्णता होऊन बाहेर पडतो. रहूची ऊब ती हीच. हवा संपली, की पेशी ऑक्सिजनवाचून साखर मोडू लागतात. त्यातून ऊर्जा अगदी थोडी मिळते आणि मद्य साचत जाते. कोंब अखेर त्यात आणि त्या धगीत मेले. हे सारे मी फळ्यावर कितीदा तरी लिहिले होते.

मी प्लास्टिक गोठ्यामागे लपवले. भाऊ कामावरून आला, मूठभर दाणे हुंगून म्हणाला, "बी नाय, भूस जपलं हिनं." दोष बियाण्यावर, म्हणजे ते राखणाऱ्या वहिनींवर गेला; मी तो खोडला नाही. वहिनी परतल्या, त्यांनीही दाणे हुंगले, एकदा माझ्याकडे पाहिले आणि बियाण्याची कणगी झाडायला घेतली. पुढच्या वर्षापासून बी दुकानातून येऊ लागले. वहिनींकडून बियाणे बदलून नेणाऱ्या शेजारणीही येईनाशा झाल्या.

वर्गात मी दरवर्षी मोडाची मटकी थर्मासमध्ये ठेवून तिची ऊब तापमापीवर दाखवतो. तोंडाला कापसाचा बोळा लावतो, बूच नाही. आतल्या जिवांना हवा हवी, हेही ठामपणे सांगतो. भाताचे उदाहरण मात्र कधी दिले नाही.

यंदा भावाच्या सुनेने सासूकडून, म्हणजे वहिनींकडून, बी राखायला शिकायचे म्हटले. रोह्याहून पेणला जाताना मी गडबला उतरलो होतो. ओटीवर भाऊ तिला सांगत होता, "कणगीचा नाद सोड गो. हिच्या हातचं बी टिकत नाय." वहिनी तांदूळ निवडत होत्या, त्यांनी मान वर केली नाही. आता गप्प राहिलो असतो, तर तो ठपका पुढच्या पिढीपर्यंत गेला असता. मी सगळ्यांसमोर प्लास्टिकची गोष्ट सांगितली. वहिनींचा सुपातला हात थांबला.

"ठाऊक होतं मला," त्या म्हणाल्या. "गोठ्यामागचं प्लास्टिक मीच उचललं. तुम्ही कधी बोलता, ते बघत होते."

मी त्यांच्यासमोर हात जोडले. "वहिनी, तुमचं बी चांगलं होतं. त्याचा श्वास मी कोंडला, आणि बोल तुम्हाला लागू दिला. मला माफ करा."