जबाबदार कोण, हा रकाना

वर्क्स मॅनेजरसाहेबांनी रजिस्टर माझ्यासमोर उघडलं आणि एका नावावर बोट ठेवलं. "अक्षर तुमचंच ना, बाई? मग मारुतीला सस्पेंड करायला अडचण काय?"

अक्षर माझंच होतं.

ऐंशीच्या सुमाराची गोष्ट. कोल्हापूरजवळच्या एका डिस्टिलरीत मी केमिस्ट होते. मळीपासून स्पिरिट काढलं की काळं, उग्र वासाचं सांडपाणी उरतं. ते मोठ्या खड्ड्यात साठवायचं, त्याला आम्ही लगून म्हणायचो. पाणी प्रदूषणाचा कायदा तेव्हा तसा नवाच. कायद्यांचं रजिस्टर ठेवा, असं वरून फर्मान आलं. कुठला कायदा, तो काय करायला सांगतो आणि ते काम कोणाचं, असे तीन रकाने मी आखले. सांडपाणी ओढ्यात जाऊ द्यायचं नाही, यापुढे मी बेधडक लिहिलं: मारुती, पंपमन. व्हॉल्व्ह तेच फिरवत. शिवाय ओढ्याच्या खालच्या अंगाला त्यांचंच गाव.

मारुतीमामांना वाचता येत नव्हतं. खंडेनवमीला मशिनांच्या पूजेला घरची माणसं यायची, तेव्हा ते बायकोला घेऊन थेट लॅबमध्ये आले. मी पान उघडून दिलं. "बघ, सरकारच्या कायद्याम्होरं माजं नाव हाय," ते तिला सांगत होते. फार जीव होता माझा या माणसावर.

आणि आता लगून भरून वाहिला होता. ओढा काळा झाला, मासे मेले. जबाबदार कोण ते लेखी कळवा, असं प्रदूषण बोर्डाचे इन्स्पेक्टर सांगून गेले होते. मामा सस्पेंड झाले असते तर नोकरीचं एक वेळ निभावलं असतं, पण गावाचं पाणी यानंच नासवलं म्हणून त्यांना गावात तोंड दाखवता आलं नसतं.

"साहेब, लगून भरत आलाय हे मामांनी तीनदा सांगितलं होतं. तुम्हालासुद्धा."

"व्हॉल्व्ह त्याच्या हातात होता."

"व्हॉल्व्ह बंद करून पाणी जाणार कुठं? प्लँटच थांबवायला हवा होता. तो मामांच्या शब्दावर थांबतो का?"

मी नावावर एक रेघ मारली, त्या दिवसाची तारीख घालून सही केली आणि शेजारी लिहिलं: वर्क्स मॅनेजर.

"हे काय चाललंय?"

"चूक दुरुस्त करतेय. मामा काय काय सांगून गेले ते वेळेसकट लॅब डायरीत आहे. बोर्डानं मागितली तर द्यावी लागेल."

साहेब खूप ओरडले. दुसऱ्या दिवशी मात्र प्लँट चालू ठेवण्याचा निर्णय आपला होता, असं त्यांनी बोर्डाला कळवलं. चुकीच्या नोंदीबद्दल मला मेमो मिळाला. तो रास्तच होता.

त्या संध्याकाळी मामा लॅबच्या दारात. चेहरा उतरलेला.

"बाई, माजं नाव खोडलासा म्हणं? माजं काय चुकलं?"

मी त्यांना स्टुलावर बसवलं आणि लॅब डायरीतल्या तिन्ही नोंदी वाचून दाखवल्या. प्रत्येकीत त्यांचं नाव होतं.

"चुकलं माझं, मामा. तुमचं काहीच नाही."

त्यांनी तिसरी नोंद पुन्हा वाचायला लावली. मी वाचली.

पुढं माझ्या हाताखाली आलेल्या प्रत्येक केमिस्टला मी एवढंच शिकवलं: या रकान्यात व्हॉल्व्ह फिरवणाऱ्याचं नाव घालू नका. ज्याच्या शब्दावर प्लँट थांबतो, त्याचं घाला.