जयवंतच्या करवंटीतले तांदूळ

डिसेंबर उजाडला की लालबागेत थंडी पडते म्हणतात. म्हणजे काय, तर लोक कपाटातून स्वेटर काढतात आणि दहा वाजता घामाघूम होऊन परत कोंबतात. त्या सकाळी मात्र खरंच गार होतं. जयवंत गॅलरीत मेथी निवडत बसला होता. डोळा समोरच्या विंगेतल्या मनमोहनच्या खिडकीवर.

तिथे पाखरांसाठी मागवलेला प्लॅस्टिकचा हिरवा बंगला टांगला होता. आत एक कबुतर, न हटणाऱ्या पोटभाडेकरूसारखं.

"ऑनलाइन मिळतो, जयवंतराव. वॉटरप्रूफ आहे!" मनमोहन ओरडला.

"चिमणी काय छत्री विसरून येते?" जयवंत म्हणाला. बंगले बांधतायत, च्यायला, कबुतरांना!

चाळीत त्याच्या खोलीत फोटोमागे चिमण्यांचं घरटं असायचं. काड्या डाळीत पडायच्या. चाळ पाडून टॉवर झाला, खोलीचा फ्लॅट झाला, आणि तीन वर्षांत एक चिमणी फिरकली नव्हती. ते त्याला टोचत होतं. एक तरी यायला हवी होती.

मेथी तशीच टाकून तो उठला. दोन करवंट्या घेतल्या, सळई तापवून भोकं पाडली, एकीवर एक टांगून सुंभाने बांधल्या. मधे फट ठेवली दोन बोटांची. चिमणी शिरेल, कबुतराने नुसतं डोकं आपटावं. डब्यातले मूठभर तांदूळ खालच्या करवंटीत टाकले.

"बघा, मनमोहनशेठ! याला म्हणतात अक्कल!"

तासाभराने खरंच एक चिमणी आली. जयवंतने श्वास रोखून धरला. तिने दाणा उचलला, थुंकला, चोच सुंभावर खसाखसा पुसली आणि भुर्रकन गेली.

"काय हो, जेवण आवडलं नाही वाटतं?" मनमोहन खिदळला.

"टॉवरच्या चिमण्या! ह्यांना बासमती लागतो," जयवंत चिडला. "भिकारडी जात!"

आवाज ऐकून त्याची बायको शेवंती बाहेर आली. करवंटीत बोट घालून तिने पांढरी भुकटी पाहिली आणि कपाळाला हात लावला.

"अवो, गावच्या तांदळाक किडे लागू नये म्हणान मीच बोरिक पावडर चोळलंय! तुमी धुतलास तरी? चिमण्यांक विष घालतास काय?"

जयवंतने वाकून करवंटीत पाहिलं. आपल्या घरात तांदूळ तीनदा धुतल्याशिवाय चुलीवर चढत नाहीत, हे तो जन्मभर पाहत आला होता. फक्त स्वतः धुतले कधीच नव्हते.

"खाल्लान काय तिने?"

"थुंकली."

"मगे तुमच्यापेक्षा शाणी ती."

समोर मनमोहन अजून हसत होता. जयवंतने खिडकीकडे पाहिलंच नाही. करवंट्या उतरवल्या, घासल्या, तांदूळ पाण्यातून तीनदा काढून, निथळून परत भरले आणि टांगले. करवंटी हलत राहिली. कोणी आलं नाही.

"येतली," शेवंती म्हणाली. "आधी ती मेथी सुकान चालली. आणि जाडे देठ भाजीत टाकू नकात माका."

जयवंत पुन्हा बसला, सुंभ दिसेल असा, आणि जुडी पुढे ओढली.